खडकवासल्याच्या बी.ए.ची किंमत : पार्श्वभूमी

एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं तर पैशाच्या हिशेबात हाती काय लागतं, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. देशसेवेच्या गोष्टीत पैसा काढायचा नाही, असा संकोच त्यामागे असतो. पण प्रश्न रास्त आहे. मुलगा किंवा मुलगी तिथे जाते तेव्हा जेमतेम साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची असते, आणि पुढच्या आयुष्याचा पाया तिथेच पडतो.

1949 मध्ये डेहराडूनजवळ तिन्ही दलांचं संयुक्त प्रशिक्षण सुरू झालं आणि 1954-55 च्या सुमारास ते खडकवासल्याला आलं. तीन वर्षांच्या शिक्षणाला पदवीची जोड मात्र सत्तरच्या दशकात मिळाली, तीही दिल्लीतल्या केंद्रीय विद्यापीठाकडून. तोवर बाहेर पडणाऱ्याकडे कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक असे, पदवी नसे. नोकरीत असेपर्यंत तिच्यावाचून काही अडत नसे. अडायचं ते निवृत्तीनंतर अर्ज भरताना.

आजही चित्र फार वेगळं नाही. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे 15,500 रुपये. राज्यशास्त्रवाल्यालाही तेवढंच, कॉम्प्युटर सायन्सवाल्यालाही तेवढंच. बढती मिळते ती सेवेची वर्षं, गोपनीय अहवाल, कोर्स आणि निवड मंडळ यांवर. बी.ए.ला कुठला विषय होता हे तिथे कोणी विचारत नाही. अभियांत्रिकीच्या पदवीला सैन्याने मात्र उघड किंमत दिली. पदवीनंतर थेट तांत्रिक प्रवेशाने येणाऱ्या अभियंत्यांना एक वर्षाची मागील तारखेची ज्येष्ठता, असं या शतकातल्या भरतीच्या जाहिरातींत स्पष्ट छापलेलं असे. ज्येष्ठता म्हणजे वेतनवाढ, म्हणजे पैसाच. सीमेवरच्या करारांपासून नागरी प्रशासनाशी जुळवून घेण्यापर्यंत अधिकाऱ्याला रोज ज्या विषयाशी गाठ पडते, त्या राज्यशास्त्राला अशी सवलत कधी मिळाली नाही. मला हे चुकीचं वाटतं. वरच्या पायरीवर सैन्यालाही हा विषय लागतोच: तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात निवडलेल्या अधिकाऱ्यांना संरक्षण आणि सामरिक अभ्यासाची पदव्युत्तर पदवी मिळते.

आता ‘मोफत’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश हे सगळं सरकारी खर्चाने होतं, हे खरं. पण खडकवासल्याच्या तीन वर्षांत विद्यावेतन नाही. ते सुरू होतं पुढच्या अकादमीत. भूदलाच्या कॅडेटला डेहराडूनच्या लष्करी अकादमीतल्या अखेरच्या वर्षात, महिना 56,100 रुपये. वैद्यकीय कारण नसताना स्वतःहून सोडून गेलं तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागितला जातो, तसं पालकांकडून आधीच लिहून घेतलेलं असतं. म्हणजे पदवी मोफत आहे ती पूर्ण करणाऱ्याला.

तुलना करायची तर पुण्यातल्या साध्या कॉलेजातून राज्यशास्त्रात बी.ए. करून सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची सैन्याधिकारी प्रवेश परीक्षा देणाऱ्याशी करावी. त्याचं डेहराडूनचं प्रशिक्षण दीड वर्षाचं. परीक्षा, एसएसबीची निवड मुलाखत आणि वाट पाहण्याचे महिने धरले तर एनडीएवाला वर्षभर तरी आधी खांद्यावर तारे लावतो. निवृत्तीचं वय हुद्द्यावर ठरतं, कर्नलचं 54. त्यामुळे लवकर सुरुवात म्हणजे सेवेची जास्त वर्षं आणि वरच्या निवडीसाठी थोडा जास्त अवकाश. एनडीएच्या बी.ए.चा रोकडा फायदा मला विचाराल तर हाच: विषयाचा नव्हे, वयाचा. बारावी कला शाखेतून केलेल्यांना भूदलाचीच वाट मोकळी असते, कारण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. त्यामुळे हा हिशेब मुख्यतः भूदलाच्या मुलांचा. आणि 2022 पासून मुलींचाही. 2021 च्या न्यायालयीन आदेशानंतर दार उघडलं आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 जणी बाहेर पडल्या. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक स्त्री अधिकारी चौदा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसनंतर पेन्शनशिवाय घरी गेल्या. त्यांना पुढे पदवीच्याच जोरावर उभं राहावं लागलं.

सर्वांत कडू हिशेब ‘बोर्ड आऊट’ झालेल्यांचा. घोड्यावरून पडून, बॉक्सिंगमध्ये, पोहण्याच्या तलावात मणक्याला किंवा डोक्याला मार लागतो आणि वैद्यकीय मंडळ घरी पाठवतं. कमिशन मिळालेलं नसल्यामुळे अशा मुलांना ‘माजी सैनिक’ मानलं जात नाही. जखम प्रशिक्षणात झाली, तरी पेन्शन नाही. तिच्या जागी सानुग्रह रक्कम. 1985 पासून वेगवेगळ्या अकादमींतून असे सुमारे 500 कॅडेट बाहेर पडले, असा आकडा वृत्तपत्रांनी 2025 मध्ये दिला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ऑगस्ट 2025 मध्येच केंद्राने माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना खुली केली. ते होणं गरजेचंच होतं. पण ती उपचारांची सोय आहे. सहापैकी चार टर्म करून व्हीलचेअरवर घरी परतलेल्या मुलाच्या हातात तिने बी.ए.ची पदवी येत नाही. नोकरीच्या अर्जावर त्याला अजूनही ‘बारावी उत्तीर्ण’ असंच लिहावं लागतं.