कुटुंब सावरणारी आई (कथासाहित्य)

कर्ज, आजारपण, बेकारी किंवा व्यसन यांनी घर खचत असताना संसार मोडू न देणारी आई हे मराठी कथा-कादंबरीतले ठळक पात्र आहे. जमीन, घर, दुकान सहसा नवऱ्याच्या नावावर असते. तिच्या हाती उरते ती उसनवारी, मुलांची शाळा आणि घरातली कोणती गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची याचा निर्णय. डब्यात किती पीठ उरले आहे हे तिला ठाऊक असते, पानावर बसलेल्यांना नसते. अशा कथांमधला खरा ताण इथून सुरू होतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ संस्कारांचे पुस्तक म्हणून वाचली जाते. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग कर्जाने व्यापलेला आहे. ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ असे एका प्रकरणाचे नावच आहे. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस घालूनपाडून बोलू लागतो, तेव्हा एरवी सोशिक असलेली आई संतापून पुढे होते. हा प्रसंग तिच्या मायेइतकाच लक्षात राहायला हवा.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या वऱ्हाडातल्या कादंबरीने या पात्राची बिनतोड मांडणी केली. कौतिक कष्टाळू, हिशेबी आणि जिद्दी आहे. नवरा महादेव ढिला, पुढे महारोगाने पछाडलेला. पोराने शिकावे म्हणून ती जिवाचे रान करते. शेळके तिला देवी करत नाहीत. ती चिडते, बोलते, हट्टाला पेटते आणि अखेर तिचे मन हा भार पेलू शकत नाही. आईच्या त्यागाचे नुसते गोडवे गाणाऱ्या कथा जिथे थांबतात, तिथून पुढे ही कादंबरी जाते. आईने घर सावरले म्हणताना तिचे स्वतःचे काय झाले, हे विचारणारे लेखनच या विषयाला न्याय देते.

सोलापूरच्या वाचकाला हे पात्र कामगार म्हणूनही ओळखीचे आहे. कापड गिरण्यांवर वाढलेल्या या शहरात गिरण्या बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांत बायकांची विडीची मजुरी हाच आधार राहिला. पूर्व भागातल्या कित्येक तेलुगू भाषक पद्मशाली घरांत आजही तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून विड्या वळायच्या, हे काम स्वयंपाकाच्या आगेमागे चालते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. कारखान्यात माल देताना खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढतात आणि तेवढे कष्ट वाया जातात. इथली आई पदराला गाठ मारून बसणारी नाही. घरात रोकड आणणारी तीच असते, आणि म्हणून तिचे नवऱ्याशी, मुलांशी असलेले नातेही वेगळे घडते. कादंबरीकाराने हात घालावा असे हे द्रव्य आहे.

याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे आत्मकथन आहे, कथा नव्हे. तरी ते इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण त्यात सावरण्याचे काम एकट्या जन्मदात्रीकडे नाही. आई मसामायची स्वतःचीच फरफट चाललेली असते. पोराला पोसतात आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा, जातीने आणि धर्माने परका असलेला दादा.