टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये कोणतं ऑईल घालावं?

गणपतीच्या आधी अंगण आणि पाणंद साफ करायची घाई, मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला कलमांच्या बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं. आमच्याकडे ग्रास कटर दुरुस्तीला येतात ते मुख्यतः याच दोन खेपांत. बोअर-पिस्टन गेलेलं यंत्र उघडलं की दोष बऱ्याचदा पेट्रोलच्या कॅनमध्येच निघतो. कधी ऑईल चुकीचं, कधी माप चुकीचं, तर कधी गडी बदलला आणि नव्याने साधं पेट्रोलच ओतलं.

आधी आपलं यंत्र टू-स्ट्रोक आहे ना, ते बघा. इंजिनाला ऑईल भरायचं वेगळं झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. होंडाचं जीएक्स३५ हे त्यातलंच. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल जातं. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या हिरवळीवरचे चाकांचे लॉन मोवरही आता बहुतेक फोर-स्ट्रोकच असतात. त्यांना पुढचं काही लागू नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल साठवायची जागाच नसते. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यातून, जातात. जाता जाता पेट्रोलातलं ऑईल बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनवर पातळ थर धरतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. मिनिटाला ७,००० ते ८,००० फेरे घेणारं इंजिन एवढ्याशा थरावर चालतं. म्हणजे या ऑईलने काम होईपर्यंत टिकायचं आणि मग मागे राख-काजळी न ठेवता जळायचंही.

मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० ऑईल इथे नापास होतं ते यामुळेच. ते कितीही भारी असलं तरी इंजिनाच्या ऑईल-चेंबरमध्ये महिनोन् महिने राहण्यासाठी केलेलं असतं, जळण्यासाठी नव्हे. त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगच्या टोकावर साठते. गाडीतून काढलेलं काळं ऑईल तर कटरच्या आसपासही नको.

किनाऱ्यावरच्या ग्राहकांसाठी एक खास सूचना. होडीच्या आउटबोर्ड मशीनचं ऑईलही टू-स्ट्रोकचंच असतं, म्हणून तेच कटरला चालवलं जातं. त्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ छापलेलं असतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. कटरचं इंजिन हवेवर थंड होतं आणि बरंच जास्त तापतं. त्या उष्णतेत हे ऑईल पिस्टन स्वच्छ ठेवू शकत नाही आणि रिंगा चिकटून बसतात. होडीचं होडीला, कटरचं कटरला.

मग घ्यायचं कोणतं? डब्याच्या मागची बाजू वाचा. ‘जासो’ हे जपानी मानक आहे आणि त्यात एफबी, एफसी, एफडी अशा चढत्या पायऱ्या आहेत. एफसी आणि एफडी दोन्ही धूर कमी करतात. एफडी जास्त तापमानातही पिस्टन साफ ठेवतं, म्हणून दिवसभर बाग मारणाऱ्याला आम्ही एफडीच देतो. घराभोवती अधूनमधून चालवणाऱ्याला एफसी पुरे. डब्यावर नुसतं ‘टू-टी’ असेल आणि दर्जाचा पत्ता नसेल, तर तो स्वस्त डबा दुकानातच राहू द्या. हिरवा, निळा, लाल या रंगांवर जाऊ नका. पेट्रोलमध्ये ऑईल पडलंय हे डोळ्यांना दिसावं म्हणून तो रंग घातलेला असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. आणि किमतीचं म्हणाल, तर ५०:१ ला एक लिटर ऑईल ५० लिटर पेट्रोलला पुरतं. तिथे वाचवलेले पैसे पिस्टनच्या एका किटमध्ये जातात.

माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. एक लिटर पेट्रोलला ५०:१ म्हणजे २० मिली ऑईल, ४०:१ म्हणजे २५ मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली. काही पुस्तिकांत दोन मापं असतात, कंपनीच्या स्वतःच्या ऑईलसाठी एक आणि इतर ऑईलसाठी दुसरं. ती ओळ नीट वाचा. बाटलीच्या बुचाने किंवा अंदाजाने ओतू नका. लुना-चेतकच्या काळात पंपावर ऑईल मारून घेतलेल्या मंडळींचा अंदाजावर फार विश्वास, पण एका लिटरमागे पाच-दहा मिलीचा फरक डोळ्यांना कळत नाही. मापाची बाटली हरवली असेल तर मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा.

‘थोडं जास्त पडलं तर बरंच’ हेही खरं नाही. ऑईल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, इंजिन उलट जास्त तापतं, प्लग ओला होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. कटर चालू होतो पण रेस घेत नाही, अशी तक्रार असली की आम्ही ती जाळी आधी बघतो.

कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑईल, हलवून उरलेलं पेट्रोल. टाकीत ओतण्याआधी पुन्हा हलवा. पाण्याची प्लास्टिक बाटली वापरू नका, आणि कॅनवर ‘ऑईल मिसळलेलं’ असं ठळक लिहून ठेवा, म्हणजे नव्या गड्याची चूक होणार नाही.

मिश्रण महिनाभरात संपेल इतकंच करा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्धा भरलेला कॅन पडून राहिला तर पाणी खाली बसतं, आणि त्या पाण्यात ऑईल नसतं. बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आहे. त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा पडून यंत्र आपोआप बंद होईपर्यंत चालवा. कार्बोरेटरमधल्या डायफ्रामचं, म्हणजे पातळ पडद्याचं, आयुष्य त्यामुळे वाढतं.

मधूनमधून प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं नि ओलं असेल तर ऑईल जास्त किंवा एअर फिल्टर घाण झालाय. पांढरट, कोरडं दिसलं तर यंत्र चालवू नका, आधी दाखवून घ्या.

चालता चालता इंजिन एकदम बंद पडून दोरी ओढवेनाशी झाली, तर जोर लावून फिरवू नका. तसंच घेऊन या, आणि येताना ऑईलचा डबा व कॅनमधलं उरलेलं मिश्रणही आणा. ते बघितल्याशिवाय आम्ही नवीन पिस्टन बसवत नाही.