कोल्ह्याच्या तोंडी जुनाच आवाज

‘कॅल्विन अँड द कर्नल’ ही कार्टून मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ३ ऑक्टोबर १९६१ला सुरू झाली. दक्षिणेतून मोठ्या शहरात आलेला, कायम काहीतरी लफडं रचणारा कर्नल क्लॅक्सन हा कोल्हा, त्याच्या थापांना दरवेळी फसणारं कॅल्विन नावाचं अस्वल आणि क्लच हा वीझल (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) जातीचा बेरकी वकील. दोनेक महिन्यांतच मालिका थांबवावी लागली, जानेवारीत ती परत आणली गेली आणि २६ भागांत आटोपली.

ती आली कशी, याचं वरवरचं कारण सोपं आहे. १९६०मध्ये ‘द फ्लिन्टस्टोन्स’ ही कार्टून मालिका रात्रीच्या वेळेत लोकप्रिय झाली. मग पुढच्याच हंगामात ‘टॉप कॅट’, ‘द अ‍ॅल्विन शो’ आणि ही मालिका अशी रांग लागली.

खरी गोष्ट मात्र आवाजांची आहे. कोल्ह्याचा आवाज फ्रीमन गॉस्डेन यांचा, अस्वलाचा चार्ल्स कॉरेल यांचा. दोघेही गोरे. १९२८पासून शिकागोच्या डब्ल्यूएमएक्यू केंद्रावर ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ या रेडिओ-मालिकेत ते कृष्णवर्णीय माणसांचे आवाज काढत. पुढच्या वर्षी एनबीसीने ती देशभर नेली आणि तिने वेड लावलं. ऐन संध्याकाळी प्रेक्षक घरीच बसू लागले, तेव्हा काही थिएटरवाल्यांनी चित्रपट मध्येच थांबवून सभागृहात रेडिओ लावायला सुरुवात केली!

रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून हे खपलं. १९३०मध्ये दोघे पडद्यावर आले तेव्हा त्यांना तोंडाला काळं फासावं लागलं. गोऱ्यांनी काळे होऊन काळ्यांची टिंगल करायची, ही मिन्स्ट्रेल खेळांची जुनी रीत. दोघेही त्याच वर्तुळातून आले होते. १९५१मध्ये सीबीएसने हीच मालिका टीव्हीवर आणली, तेव्हा काळ बदलला होता. भूमिका कृष्णवर्णीय नटांना दिल्या, तरी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने कडाडून विरोध केला: आळशी, लबाड, अडाणी हीच आमची ओळख का? १९५३मध्ये नवे भाग बंद झाले.

दोन म्हातारे होत चाललेले कलाकार आणि त्यांचा गाजलेला पण आता अडचणीचा ठरलेला विनोद. यावर तोडगा म्हणजे प्राणी. कोल्ह्याला कातडीचा रंग कोण विचारणार? कर्नल म्हणजे रेडिओ-मालिकेतलं थापाडं पात्र किंगफिशच, कॅल्विन म्हणजे अँडी, आणि मॅगी बेल ही कर्नलची कडक बायको म्हणजे किंगफिशची सफायर. निर्माते जो कॉनेली आणि बॉब मोशर हेही ‘अ‍ॅमॉस’चेच जुने लेखक, कथानकंसुद्धा त्या काळचीच फिरवून वापरली.

माझ्या मते मालिका पडली ती इथेच. सगळी गंमत बोलण्यात. उसने पैसे, बायकोचा धाक, वकिलाच्या पळवाटा... हे ऐकायला ठीक, पण कार्टूनमध्ये काहीतरी घडताना दिसावं लागतं. लहान मुलांना त्यात धरून ठेवणारं फार काही नव्हतं आणि मोठ्यांना हे सगळं तीस वर्षांपासून पाठ होतं.

टीव्हीवरच्या जुन्या ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’चे भाग मात्र ठिकठिकाणच्या केंद्रांवर पुन्हा पुन्हा लागत राहिले. १९६६मध्ये सीबीएसने तेही मागे घेतले.