रडारला हाडं दिसत नाहीत

व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत फिरत होती. गवत कापायच्या यंत्रासारखी ढकलगाडी, तिच्या पडद्यावर जमिनीखालचा निळसर सांगाडा, अगदी बरगड्यांसकट. खाली मजकूर: ‘अमेरिकेतल्या हरवलेल्या कबरी रडारने शोधल्या.’ मजकूर खरा आहे, सांगाडा खोटा. असं चित्र हे यंत्र काढूच शकत नाही. ते जे काढतं ते मात्र त्या सांगाड्यापेक्षा फार सुंदर असतं, म्हणून हा लेख.

आधी कबरी हरवतात कशा ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पूर्वी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, तशी दफनाची जागाही वेगळी. अटलांटाच्या ओकलंड दफनभूमीत गुलामांसाठी राखलेला एक चौक होता. १८७७ मध्ये तिथले मृतदेह उकरून दुसरीकडे हलवले, कारण ती जागा गोऱ्यांना हवी होती. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १९०१ साली झायन ही कृष्णवर्णीयांची दफनभूमी सुरू झाली. पुढे ती नकाशावरून गेली आणि १९५० च्या दशकात तिच्या एका भागावर सरकारी घरं उभी राहिली. २०१९ मध्ये स्थानिक वर्तमानपत्राने जुने कागद धुंडाळले, मग रडार फिरलं आणि त्या वसाहतीच्या आवारात १२० हून जास्त शवपेट्यांच्या खुणा मिळाल्या. माणसं थेट कबरींवर राहत होती.

गोऱ्यांच्या थडग्यांवर कोरीव संगमरवर असे. काळ्यांच्या कबरीवर बऱ्याचदा लाकडी फळी, शेतातला ओबडधोबड दगड, शिंपले किंवा युका नावाचं टोकदार पानांचं झुडूप. फळी कुजली, दगड कुणी उचलला की वर काहीच उरत नाही. खाली मात्र उरतं.

खड्डा खणताना वरची काळपट माती आणि खालची वेगळ्या रंगाची माती बाहेर येते. परत लोटताना ती मिसळून जाते. निसर्गाने रचलेले थर कुठल्याही फावड्याला पुन्हा तसेच लावता येत नाहीत. रडार शोधतं ते हे मोडलेले थर, आणि नशीब असेल तर पेटीतली पोकळी.

आता माझा आवडता भाग. गाडीतली अँटेना जमिनीत रेडिओ लहरींचा छोटासा ठोका सोडते. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते. मातीत तिचा वेग कमी होतो, आणि किती कमी ते मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला ती किती प्रतिसाद देते त्याचा आकडा, ठरवतो. तो ९ धरा. त्याचं वर्गमूळ ३, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्श्यावर, १० सेंटिमीटर. पेटी दीड मीटर खोल असेल तर जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणून प्रतिध्वनी ३० नॅनोसेकंदांनी येतो.

पण लहर सरळ खालीच जात नाही, पंख्यासारखी पसरते. त्यामुळे गाडी पेटीच्या २ मीटर अलीकडे असतानाच पेटी ‘दिसू’ लागते. तेव्हाचं अंतर पायथागोरसला विचारा: बाजू दीड आणि दोन, तर कर्ण अडीच. प्रतिध्वनी ५० नॅनोसेकंदांनी. गाडी जवळ येते तसा हा आकडा ५० वरून ३० वर उतरतो, पुढे गेली की पुन्हा ५० वर. पडद्यावर खोली म्हणजे वेळच असल्याने तिथे उलट्या मिशीसारखी कमान उमटते. गणितात हिला अपास्त म्हणतात. बारावीनंतर ज्याची गाठ पडली नाही तो वक्र इथे कबरीवर उभा असतो!

नळालाही अशीच कमान येते, झाडाच्या मुळालाही. म्हणून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर समांतर ओळी चालतात. नळाची कमान ओळीमागून ओळ येतच राहते, कबरीची चारेक ओळींत संपते. ख्रिस्ती कबरी सहसा पूर्व-पश्चिम असतात, म्हणून गाडी उत्तर-दक्षिण ढकलायची. लांबीच्या दिशेने गेलात तर कमानीऐवजी सपाट रेघ मिळते.

प्रतिध्वनी किती जोरदार? स्थिरांकांची वर्गमुळं घ्या. मातीचं ३, हवेचं १. (३ − १) ÷ (३ + १), म्हणजे निम्मी लहर परत. पण पेटी कोसळून मातीने भरली आणि तिचा स्थिरांक १० झाला, तर जेमतेम अडीच टक्के. आणि हाडं? ४०० मेगाहर्ट्झच्या लहरीची मातीतली लांबी २५ सेंटिमीटर. बरगडी तिच्यापुढे काहीच नाही. वारंवारता वाढवली तर बारकावा येतो, पण लहर खोल जात नाही. चिकणमातीत तर ती विरूनच जाते. टॅम्पाची वाळू त्यामानाने दयाळू. आपल्या विदर्भातल्या काळ्या कसदार जमिनीत हे यंत्र लवकर हात टेकेल.

काही जण अजूनही वाकवलेल्या दोन तारा हातात धरून कबरी शोधतात. आपल्याकडचे पाणाडे तळहातावर नारळ उभा करतात, त्यांचेच हे अमेरिकी भाऊबंद. तार हलते ती धरणाऱ्याच्या नकळत झालेल्या मनगटाच्या हालचालीने. डोळे बांधून चाचणी घेतली की विद्या गायब.

दक्षिण कॅरोलिनात क्लेमसन विद्यापीठाच्या आवारात जुन्या मळ्याची दफनभूमी आहे. गोऱ्यांच्या थडग्यांना नावं आहेत. त्यांच्या आसपास २०२० मध्ये रडारने ६०० हून जास्त निनावी कबरी दाखवल्या, बहुतेक गुलामांच्या आणि राबवून घेतलेल्या कैद्यांच्या.

टॅम्पातच एका शाळेच्या आवारात रिजवूड ही गरिबांची, मुख्यतः काळ्यांची दफनभूमी सापडली. रडारने १४५ कबरी मोजल्या. कागदोपत्री दफनं त्याहून पुष्कळ जास्त आहेत, आणि त्यांत बरीच तान्ही मुलं आहेत. त्यांच्या पेट्या लहान, कुजल्या की आत पोकळी राहत नाही. २५ सेंटिमीटरच्या लहरीला त्या जेमतेमच दिसणार.