महात्मा फुले योजनेतून स्तनाची शस्त्रक्रिया: फाईल नेमकी कुठे अडते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, हा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला आहे. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि 1 जुलै 2024 पासून तशी ती सुरूही आहे. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन असं सगळं येतं. तरीही आम्ही ज्या रुग्णालयात मदतीला बसतो तिथे रोज कोणी ना कोणी हिरमुसून परत जातं. नकार मिळाला म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा ‘केस क्वेरीत आहे’ म्हणून, म्हणजे कागदांवर शंका काढून मंजुरी थांबवलेली. गाठीला क्वेरी कळत नाही, ती वाढायची ती वाढते. म्हणून क्वेरी ज्या जागी पडते तेवढ्याच जागांबद्दल इथे सविस्तर लिहिते. बाकी काम सरळ आहे: योजनेच्या यादीतलं रुग्णालय गाठायचं, आरोग्यमित्राच्या (योजनेचा तिथे बसणारा मदतनीस) टेबलावर नोंदणी करायची, रुग्णालय मंजुरी मागवतं, मंजुरी आली की भरती.

यादीतलं रुग्णालय म्हणजे कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असलेलं रुग्णालय. दारावर योजनेचा बोर्ड आहे म्हणून सगळं होतं असं नाही. तिथे फक्त हाडांच्या किंवा किडनीच्या उपचारांना मान्यता असू शकते. निघण्याआधी 155388 किंवा 1800 233 2200 या क्रमांकावर फोन करून विचारा. प्रवासाचे पैसे आणि एक अख्खा दिवस वाचतो.

रेशनकार्डावर बाईचं नाव

सगळ्यात जास्त फाईली अडतात त्या इथे. घरात रेशनकार्ड असतं, त्यावर नवरा असतो, मुलं असतात, सासूही असते, आणि जिची शस्त्रक्रिया आहे तिचंच नाव नसतं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी नाव माहेरच्या कार्डावरच, नाहीतर कुठेच नाही. सासरच्या कार्डावर नाव चढवायला नमुना 8 चा अर्ज लागतो आणि त्याला जोडायला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. हा दाखला जवळजवळ कोणाकडेच नसतो. माहेरचं कार्ड वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, भाऊ वेगळे झालेले, मूळ कार्ड कोणाच्या ट्रंकेत आहे ते देवाला ठाऊक. त्यात बाईला आधी माहेरच्या तहसीलला पाठवायचं, मग सासरच्या, असा हा कारभार.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात येण्याची वाट न बघता हे काम सुरू करा. गाठ लागली आणि डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या, त्याच दिवशी घरातल्या एकाने तहसीलची पुरवठा शाखा गाठायची (शहरात शिधावाटप कार्यालय). अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि उपचारासाठी तातडीने नाव हवं आहे असं अर्जातच लिहा. नुसतं तोंडी सांगितलेलं टेबलावरून पुढे सरकत नाही. कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक जुन्या पुस्तिकेवर बहुधा नसतो. तो रेशन दुकानदाराकडून लिहून घ्या. बाईचं वय 70 किंवा त्याहून जास्त असेल तर या भानगडीत पडूच नका. या वयासाठी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड फक्त आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही.

दुसरी अडचण नावातल्या फरकाची. आधारवर ‘कमल’, रेशनकार्डावर ‘कमळाबाई’, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ‘सौ. कमल’ आणि माहेरचं आडनाव. आपल्याला हसू येतं, पण मंजुरी देणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात. पहिल्या तपासणीपासून लॅबमध्ये नाव सांगताना आधार कार्ड समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहायला लावा. आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे का तेही बघून ठेवा. शेतात आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, तेव्हा ओटीपीवाचून गत्यंतर नसतं आणि तो नंबर नेमका मुलाच्या हरवलेल्या सिमचा निघतो.

बायोप्सीचा कागद

मंजुरीसाठी कॅन्सर सिद्ध करणारा रिपोर्ट लागतो. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीवर ‘शंका आहे’ एवढंच येतं, तेवढ्यावर स्तन काढायला मंजुरी मिळत नाही आणि मिळूही नये. बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीवर बऱ्याचदा क्वेरी येते. जाड सुईची बायोप्सी हवी, जिला डॉक्टर ट्रू-कट म्हणतात, आणि तिच्यावरच ईआर, पीआर, हर-2 या तपासण्या होतात. पुढे कुठलं औषध लागणार ते यांवरून ठरतं.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती तालुक्याच्या ठिकाणी ‘छोटी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून काढून घेतलेल्यांची. गाठ गेली, तुकडा लॅबला पाठवलाच नाही, कागद म्हणून फक्त बिल. आता कॅन्सर होता की नव्हता, केवढा होता, काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या होत्या का, यातलं काहीच सांगता येत नाही. तेव्हा शरीरातून काढलेला कुठलाही तुकडा तपासणीला गेला पाहिजे, असं आधीच स्पष्ट सांगा. रुग्णालय बदलणार असाल तर लॅबकडून स्लाईड्स (काचेवरचे नमुने) आणि तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक लेखी अर्ज करून मागून घ्या. मोठी रुग्णालयं ते पुन्हा तपासतात. लॅबवाले कुरकुर करतात, पण देतात.

आणि खासगीत आधी शस्त्रक्रिया करून मग बिल योजनेत लावता येतं, हा गैरसमज कृपा करून सोडा. ही योजना भरपाई देत नाही. भरलेले पैसे गेले ते गेले.

काय करायचं ते आधी ठरवा, फाईल मग

पूर्ण स्तन काढणं आणि फक्त गाठ काढून स्तन वाचवणं या वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत आणि मंजुरी ठरलेल्या शस्त्रक्रियेलाच मिळते. भरती झाल्यावर विचार बदलला तर मंजुरीची दगदग नव्याने. म्हणून हे बोलणं ओपीडीत उरकायचं, वॉर्डात नव्हे.

घरचे बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, ‘एकदाचं काढून टाका, डोक्याला ताप नको.’ गाठ लहान असेल तर स्तन वाचवून वर रेडिएशन घेणाऱ्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात. अमेरिकेत आणि इटलीत वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून हे सिद्ध झालेलं आहे. मात्र त्यासाठी तीन ते पाच आठवडे रोज रेडिएशनला यावं लागतं, आणि ज्यांच्या जिल्ह्यात मशीनच नाही त्यांना राहायचं कुठे हा खरा प्रश्न असतो. त्या कारणाने कोणी पूर्ण स्तन काढायचं ठरवलं तर त्यात चूक काही नाही. फक्त एक माहीत असू द्या: गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेतल्या ग्रंथींमध्ये आजार पोचला असेल, तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं. ‘काढलं की सुटलो’ समजून आलेल्या बायकांना हे नंतर कळतं आणि फार लागतं. गाठ मोठी असेल तर डॉक्टर आधी केमो देऊन ती लहान करतात. त्यात टाळाटाळ नाही, उपचाराचा तो क्रमच आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा स्तन वाचू शकतो का, काखेचं काय करणार, आणि रेडिएशन लागेल का. उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या.

संमतीपत्रावर सही बाईची. हे मुद्दाम लिहावं लागतं. सिस्टर कागद पुढे करतात, बाई पेन घेते आणि सवयीने मुलाच्या हातात देते, मुलगा न वाचता सही ठोकतो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिचीच लागते, नवऱ्याची किंवा मुलाची तिच्याऐवजी चालत नाही. अंगठा असला तरी तिचाच, आणि त्याआधी कागद तिला मराठीत वाचून दाखवला पाहिजे. कुठली बाजू, डावी की उजवी, तेही त्या कागदावर बघा.

फोटोची गोष्ट कोणी आधी सांगत नाही. मंजुरीसाठी आणि नंतर रुग्णालयाला योजनेकडून पैसे मागण्यासाठी शस्त्रक्रियेच्या जागेचा फोटो मागितला जातो. आधी कल्पना नसेल तर बाई हादरते, आणि एकदोघी त्यावरून उठून घरी गेलेल्याही पाहिल्या आहेत. फोटो महिला कर्मचाऱ्याने, पडद्याआड, रुग्णालयाच्या कॅमेऱ्यावर काढावा, असं ठामपणे सांगा. कोणाच्या खासगी मोबाईलवर नको.

भरती, नळी आणि दहा दिवस

तयारीत फार काही नाही. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, लागल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भुलीच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. पुढून बटणं असलेले सैल ब्लाऊज किंवा गाऊन न्या. हात वर करून कपडा घालणं काही आठवडे जमत नाही.

काखेतून एक-दोन नळ्या बाहेर येतात आणि त्यांना डबी जोडलेली असते. तिच्यात लालसर पाणी साचतं, ते सकाळ-संध्याकाळ मोजून ओतायचं आणि मिलीचा आकडा वहीत लिहायचा. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. त्याला एक-दोन आठवडे लागतात, म्हणजे पुष्कळ जणी नळीसकटच घरी जातात. डबी हातात धरून हिंडायचं नाही. जुन्या परकराची छोटी पिशवी शिवून, नाडीने गळ्यात अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात आणि नळीला हिसका बसत नाही.

आता दहा दिवसांचा घोळ. डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं शस्त्रक्रियेच्याच पॅकेजमध्ये येतात. लोक हे दोन तऱ्हेने चुकीचं वाचतात. काहींना वाटतं दहाव्या दिवशीच यायचं, मग पाचव्या दिवशी ताप येऊन जखम लाल झाली तरी घरी बसून राहतात. काहींना वाटतं दहा दिवसांनी योजना संपली. संपत नाही, केमो आणि रेडिएशनला वेगळी मंजुरी निघते. त्यासाठी लागतो काढलेल्या स्तनाचा आणि ग्रंथींचा अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट, आणि तो डिस्चार्जच्या दिवशी तयारच नसतो. आठ-पंधरा दिवसांनी येतो. तो घ्यायला कोणीच जात नाही, गावाकडे टाके सुकले की सगळे निर्धास्त, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं की केमो कधी. रिपोर्ट कधी आणि कुठल्या खिडकीवर मिळणार ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. 5 लाखांची मर्यादा सबंध कुटुंबाची आहे आणि योजनेचं वर्ष जानेवारी-डिसेंबर धरत नाहीत, तेव्हा किती शिल्लक आहे ते त्याच वेळी आरोग्यमित्राला विचारा.

हाताचे व्यायाम टाळू नका. सुरुवातीला मूठ उघडमीट आणि कोपर हलवणं, नळी निघाल्यावर भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं. दुखेल म्हणून हात छातीशी धरून बसलेल्या बाईचा खांदा आखडतो, आणि रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर न्यावा लागतो तेव्हा अडतं. हात सुजला, जड वाटला तर तेल चोळत बसू नका, दाखवा.

योजनेत न बसणारा खर्च

मुख्यमंत्री सहायता निधीची वाट धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: उपचार फुले योजनेत होत असेल तर तिथे पैसे मिळत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार, दाखला तहसीलदाराचा आणि चालू वर्षाचा. 31 मार्चला मुदत संपलेला दाखला एप्रिलमध्ये जोडणारे दरवर्षी असतात. खासगी रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते, पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि चुकत्या केलेल्या बिलापोटी काही मिळत नाही. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. त्यासाठी थेट तिथल्या समाजसेवा विभागात जा, बिलिंगच्या खिडकीवर नव्हे.

योजनेतल्या रुग्णालयाने औषध बाहेरून आणायला लावलं किंवा ‘वरचे’ पैसे मागितले तर पावती मागा आणि सुरुवातीला दिलेल्या 155388 क्रमांकावरच तक्रार नोंदवा, शक्यतो डिस्चार्जच्या आधी.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. मात्र रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म हवा आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवरच काढावं लागतं. मोबाईलवर काढलेल्या तिकिटाला ही सवलत लागू होत नाही, म्हणून मुलाने उत्साहाने आधीच बुकिंग करून ठेवलं असेल तर ते रद्द करा आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी समाजसेवा विभागातून परतीचा फॉर्म घेऊन ठेवा.