काक्षीवरचे पाणी: थंड ताऱ्यांच्या अवरक्त वर्णपटांची पार्श्वभूमी

थंड ताऱ्यांत रेणू टिकतात, हे दृश्य प्रकाशाच्या वर्णपटातल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या शोषण-पट्ट्यांवरून आधीच ठाऊक होते. पण कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या कंपन-पट्ट्या (रेणूंच्या कंपनातून उमटणाऱ्या) अवरक्तात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या अदृश्य प्रकाशात येतात, आणि नेमक्या तिथेच पृथ्वीच्या हवेतली वाफ वाट अडवते.

म्हणून १९६३ मध्ये ९१ सेंमी आरशाची दुर्बीण बलूनने स्थितांबरात नेली गेली. काक्षी (मृग तारकासमूहातला बेटेलज्यूस) आणि म्यू सेफी या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांत १.४ व १.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीजवळ शोषण दिसले. ते पाण्याचे, असे १९६४-६५ मध्ये जाहीर झाले. हा निष्कर्ष फार टिकला नाही. काक्षीचे तापमान सुमारे ३६०० केल्व्हिन. तिथे एवढे पाणी ताऱ्याच्या वातावरणाच्या गणिती प्रतिमानांत बसेना. १९७० मध्ये ते शोषण सायनोजेनच्या (कार्बन-नायट्रोजनच्या रेणूच्या) नावे टाकले गेले. सायनोजेनच्या पट्ट्या त्या भागात खरोखर आहेत, त्यामुळे दुरुस्ती निराधार नव्हती. तरी निकाल मोजमापापेक्षा प्रतिमानावरच्या विश्वासाने लागला आणि मूळ निरीक्षकांवर तो अन्याय होता, असे मला ठामपणे वाटते.

दरम्यान वर्णपट फार बारकाईने मोजणारे फूरिए वर्णपटमापी आले. कार्बन मोनॉक्साइडच्या २.३ मायक्रॉनच्या पट्ट्यांवरून कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचे गुणोत्तर काढता येऊ लागले. ताऱ्याच्या पोटातले द्रव्य पृष्ठभागावर किती घुसळून आले, ते त्यावरून कळते. मीरा प्रकारच्या, म्हणजे फुगत-आकसत राहणाऱ्या ताऱ्यांत काही रेषा दुहेरी दिसल्या: वर येणारा आणि खाली पडणारा वायू एकाच वेळी, मध्ये आघाततरंग.

१९९५ मध्ये सुटलेल्या अवरक्त उपग्रहाने वाफेचा अडथळाच काढला. पाणी काक्षीतच नव्हे, रोहिणीतही सापडले. २००० मध्ये बलूनची जुनी नोंद पुन्हा तपासली गेली आणि पाणी खरेच निघाले. मात्र ते दीप्तिमंडलात (ताऱ्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात) नसून त्यावरच्या, सुमारे १५०० केल्व्हिनच्या रेणूंच्या थरात असावे, असे मांडले गेले.

यावरही एकमत झाले नाही. २००६ मध्ये काक्षीत १२ मायक्रॉनजवळ पाण्याच्या रेषा शोषणात मिळाल्या. वेगळा थर कशाला, दीप्तिमंडलाचा वरचा भागच प्रतिमानापेक्षा थंड असेल, असा पर्याय त्यातून पुढे आला. पुढे व्यतिकरणमापनात (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून केलेल्या सूक्ष्म मोजमापात) कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांत तारा लगतच्या अखंड वर्णपटापेक्षा मोठा दिसला, त्यामुळे पसरलेल्या थराची बाजू भक्कम झाली. पण संवहन आणि स्पंदन यांची आजची प्रतिमाने महाराक्षसी ताऱ्यांत वायू एवढा उंच उचलू शकत नाहीत.