दिलहान एरयुर्त आणि सूर्याचं बालपण

दिलहान एरयुर्त यांच्याविषयी इंटरनेटवर शोधलं की एक वाक्य हमखास समोर येतं: सूर्याचं तेज जन्मापासून वाढलेलं नाही, उलट घटलं आहे, हे या तुर्की शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं. वाक्य अर्धंच खरं आहे. गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसला आणि त्यातून सूर्य घडला. केंद्रात हायड्रोजनचं हेलियम होणं सुरू व्हायला तेव्हा अवकाश होता. प्रकाश मिळत होता तो या आकसण्यातूनच. अशा वयातला सूर्य आधी मंद असावा आणि हळूहळू उजळत गेला असावा, असं १९५०च्या दशकात मानलं जाई. १९६१ साली जपानच्या चुशिरो हायाशी यांनी ते चित्र पालटलं. आकसणाऱ्या ताऱ्यातला वायू चुलीवर रटरटणाऱ्या आमटीसारखा तळापासून वरपर्यंत ढवळला जातो, आणि त्यामुळे आतली ऊर्जा भराभर पृष्ठभागावर येते. त्यात तारा अजून फुगलेला, म्हणजे पृष्ठभागही अवाढव्य. मग तो झळाळणारच!

हा विचार आपल्या सूर्याला लावून त्याची सविस्तर गणितं मांडली ती एरयुर्त आणि कॅनडाचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ अॅलिस्टर कॅमरून यांनी. ताऱ्याच्या आत थर कल्पायचे, प्रत्येक थराचं तापमान, दाब, घनता काढायची, मग काळ थोडा पुढे सरकवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. १९६३ आणि १९६५ मधल्या त्यांच्या शोधनिबंधांतला बालसूर्य आजच्यापेक्षा कितीतरी पट तेजस्वी आहे. पण ही झळाळी टिकाऊ नव्हती. पहिल्या काही कोटी वर्षांत ती ओसरली, केंद्रातली अणुभट्टी स्थिरावली तेव्हा तेज आजच्या सुमारे ७० टक्क्यांवर होतं, आणि तिथून पुढची साडेचार अब्ज वर्षं सूर्य संथपणे उजळतोच आहे. म्हणजे घट झाली खरी, पण ती अगदी सुरुवातीची.

हे निबंध ‘एरयुर्त’ नावाने शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्यांवर नाव आहे डी. एझर. एझर आणि एरयुर्त अशा दोन आडनावांमुळे या बाईंच्या कामाची ओळख थोडी विखुरली, असं मला वाटतं.

त्यांचा जन्म १९२६ चा, इझ्मिरचा. इस्तंबूल विद्यापीठात त्या गणित आणि खगोलशास्त्र शिकल्या. हा विभाग १९३३ नंतर नाझी राजवटीतून बाहेर पडलेल्या जर्मन खगोलशास्त्रज्ञांच्या मदतीने उभा राहिला होता, आणि तुर्कस्तानच्या पहिल्या महिला खगोलशास्त्रज्ञ नुझहेत गोकदोआन तिथेच होत्या. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. १९४६ मध्ये पदवी घेतल्यावर एरयुर्त अंकारा विद्यापीठात खगोलशास्त्र विभाग उभारण्याच्या कामी लागल्या, तेही मानद साहाय्यक म्हणून. १९५३ मध्ये तिथूनच पीएच.डी. झाली. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली, त्या कॅनडाला गेल्या आणि कॅमरून यांची गाठ पडली. तिथून अमेरिका, आणि मग नासाची गोडार्ड अवकाश अभ्यास संस्था. तिथल्या त्या काळच्या त्या एकमेव महिला खगोलशास्त्रज्ञ. सूर्याचा चंद्राच्या परिसरावर काय परिणाम होतो याविषयी पुरवलेल्या माहितीबद्दल १९६९ मध्ये त्यांना अपोलो पुरस्कार मिळाला.

मायदेशाशी संबंध त्यांनी तुटू दिला नाही. १९६८ मध्ये रजा काढून त्या आल्या आणि तुर्कस्तानची पहिली राष्ट्रीय खगोलशास्त्र परिषद भरवली. १९७३ मध्ये कायमच्या परतल्या. अंकाराच्या मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीत भौतिकशास्त्र विभागात त्यांनी खगोलभौतिकीची शाखा सुरू केली, पुढे तिथेच अधिष्ठाता झाल्या, १९९३ मध्ये निवृत्त झाल्या. २०१२ मध्ये अंकारातच त्यांचं निधन झालं.

त्यांचं आणखी एक काम सूर्याइतकं चर्चेत नसतं, पण मला ते जास्त धाडसी वाटतं. १९७१ मध्ये त्यांनी आणि कॅमरून यांनी निव्वळ हायड्रोजन आणि हेलियमच्या ताऱ्यांचं आयुष्य गणिताने मांडलं. विश्वातले अगदी पहिले तारे असे असणार, कारण कार्बन, ऑक्सिजन, लोखंड तोवर तयारच झालेलं नव्हतं. अंकाराला परतल्यावरही या विषयावर त्या लिहीत राहिल्या. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने अशा पहिल्या ताऱ्यांचे काही दावेदार दाखवले आहेत. पण असा तारा निर्विवादपणे अजून कुणाला दिसलेला नाही.